एलएलबीसाठी कॉलेज बघताना नेमकं काय बघायचं?

कृष्णाकाठ

मुलीचं बीकॉम झालं. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, मार्क बरे आहेत. आता कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरायचाय आणि घरात रोज रात्री जेवणानंतर लोकसभा भरते. तिला पुणं हवं, आयएलएस लागलं तर उत्तमच. तिच्या आईचं मत कोल्हापूर, कारण मावशी तिथे. माझ्या डोक्यात सांगली, घरून येऊन-जाऊन. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेले फक्त आजोबा, तेही प्रतिवादी म्हणून, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

माहितीपत्रकं तीन-चार वाचली. सुसज्ज मूट कोर्ट (म्हणजे सरावाचं कोर्ट), समृद्ध ग्रंथालय, अनुभवी प्राध्यापकवृंद, निसर्गरम्य परिसर. नावं झाकली तर कुठलं कुणाचं ओळखू यायचं नाही. अभ्यासक्रम तर म्हणे सगळीकडे बार कौन्सिलचाच. मग फरक पडतो कुठे? मुलीला वकिलीच करायचीय, काळा कोट घालून कोर्टात. कंपनीतली नोकरी वगैरे सध्या तिच्या मनात नाही. जाणकारांनी लिहावं.

निशाणी_पाच

वकिलीच करायची ठरलंय म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. मी तालुका कोर्टात दिवाणी बाजूला काम करतो. दरवर्षी नवे ज्युनियर येतात, त्यामुळे कुठल्या कॉलेजातून काय शिकून आलेत ते माझ्या टेबलावरच दिसतं.

अभ्यासक्रम सारखा हे खरं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे वीस सक्तीचे विषय, सहा ऐच्छिक आणि चार प्रात्यक्षिकाचे. करार, घटना, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता; हे कुठेही शिका, पुस्तकं तीच आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची गाईडंही तीच. कॉलेज कळतं ते त्या चार पेपरांत. ड्राफ्टिंग-प्लीडिंग-कन्व्हेयन्सिंग (म्हणजे दावे, अर्ज, खरेदीखतं लिहिणं), व्यावसायिक नीतिमत्ता, एडीआर (कोर्टाबाहेर तंटा मिटवणं) आणि मूट कोर्ट-इंटर्नशिप.

त्यातला मूट कोर्टचा पेपर घ्या. १०० मार्क. तीन मूट, प्रत्येकी १०. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा, रोज काय झालं ते लिहायचं, त्याचे ३०. वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराशी कसं बोलतात, कागद कसे तयार होतात ते बघून डायरी, त्याचे ३०. उरलेले १० तोंडी. ज्यानं हे आखलं त्याला खरंच वकील घडवायचे होते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीची डायरी यंदाच्या हस्ताक्षरात येते.

तेव्हा कॉलेजात गेलात की इमारत बघत बसू नका. एवढंच विचारा, मागच्या सेमिस्टरला मुलं कुठल्या कोर्टात, कुठल्या दाव्याच्या सुनावणीला बसली? समोरून दावा नंबर आला तर डोळे मिटून प्रवेश घ्या.

अजून_एटीकेटी

वरच्या पोस्टला साष्टांग नमस्कार. आमच्या कॉलेजात (नाव विचारू नका, अजून दोन सेमिस्टर काढायचीत) मूट कोर्टचा हॉल आहे. न्यायाधीशांची उंच खुर्ची, साक्षीदाराचा पिंजरा, अशोकस्तंभ, सगळं. खुर्च्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. कुलूप उघडलं ते कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा. आम्हाला त्या दिवशी कोट घालून बोलावलं, दोघं उभे राहिले, फोटो झाले, समोसा मिळाला. तोच फोटो माहितीपत्रकात आहे, डावीकडून तिसरा मी.

इंटर्नशिपचं तर बोलूच नये. अर्ध्या वर्गाची सर्टिफिकेटं एकाच वकीलकाकांच्या लेटरहेडवर.

चर्चगेट_स्लो

मुंबईत एका लॉ फर्ममध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू. 'कोर्टाजवळचं कॉलेज' हा निकष ठीक, पण त्यावरच बसू नका. मोठ्या शहरातल्या कॉलेजचा फायदा वर्गाबाहेर असतो. चर्चगेटच्या जीएलसीचं (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) बघा. सकाळी लेक्चरं संपवून पोरं फोर्टमधल्या वकिलांच्या चेंबरांत पोचतात. मूट, मासिकं, कायदा साहाय्य या सगळ्या समित्या मुलंच चालवतात, डी. एम. हरीश मूटला देशाबाहेरचे संघ येतात. सीनियर पोरं ज्युनियरांना रिसर्च शिकवतात, मेमोरियल (मूटचा लेखी युक्तिवाद) कसं लिहायचं ते दाखवतात. हे कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही. आयएलएसमध्येही मूटची संस्कृती मुरलेली आहे.

बाकी कॉलेज १८५५ चं आहे, बाबासाहेब १९३५ मध्ये इथे प्राचार्य झाले, हे सगळं अभिमानाचं, पण प्रवेश इतिहासात घ्यायचा नसतो. आज शिकवतं कोण ते विचारा.

आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांबद्दल कुणी डोक्यात भरवलं असेल तर: मुंबई, नागपूर, संभाजीनगर तिन्हीकडे क्लॅटमधून पाच वर्षांचा कोर्स, बारावीनंतर. पदवीनंतरचा तीन वर्षांचा कोर्स बंगळूरच्या एनएलएसआययूनं २०२२ पासून सुरू केलाय, त्याची परीक्षा वेगळी. तुमच्या मुलीला आत्ता उपयोग नाही.

निशाणी_पाच

चर्चगेटराव, मेमोरियल छान लिहितात हो पोरं. अडचण पुढे आहे. गेल्या वर्षी एक मुलगी ज्युनियर म्हणून आली, फर्स्ट क्लास, मूटची बक्षिसं. पहिल्याच आठवड्यात पक्षकार आला, शेजाऱ्यानं बांध कोरलाय. तिला म्हटलं, मनाईचा दावा लिहून बघ. तिनं इंग्रजीत चार पानं लिहिली, सुरुवात घटनेच्या २१ व्या कलमापासून. गट नंबर नाही. क्षेत्र, आकार नाही. चतुःसीमा नाहीत. दाव्याला कारण कधी आणि कुठे घडलं ते नाही, मूल्यांकन नाही, कोर्ट फी नाही. आणि गंमत म्हणजे ऑर्डर ७ रूल ३ तिला पाठ होता! मिळकत ओळखता येईल असं वर्णन हवं, हे तिनं मला धडाधडा म्हणून दाखवलं. म्हटलं, मग पूर्वेला कोण आहे? तर म्हणाली, ते पक्षकाराला विचारायचं असतं का?

तिला घेऊन रानात गेलो. बांधावर उभं राहून तिनं चारी बाजूंची नावं लिहून घेतली, सातबारा आणि फेरफार शेजारी ठेवून ताडून बघितली. मग मराठीत दावा लिहिला, सोबत नि. ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचं पारडं, भरून न येणारं नुकसान, तिन्ही मुद्दे वाक्यावाक्याला कागदाचा आधार देऊन. मनाई मिळाली. पोरगी हुशारच होती, तीन वर्षांत तिला कुणी रानात नेलं नव्हतं इतकंच.

आणि भाषा. खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीत चालतं. कैफियत, सरतपास, पुरसीस, दरखास्त, हक्कसोडपत्र हे शब्द नवीन पोरांना कोर्टात आल्यावर पहिल्यांदा ऐकू येतात. ड्राफ्टिंगचा पेपर मराठीतून करून घेणारं कॉलेज मिळालं तर मी पुणं-मुंबई बाजूला ठेवीन.

खडू_डस्टर

विधी महाविद्यालयात शिकवते. सगळं खापर आमच्यावर फुटायच्या आत थोडं गणित मांडते.

ड्राफ्टिंगच्या पेपरला प्लीडिंगचे १५ आणि कन्व्हेयन्सिंगचे १५ असे ३० सराव, प्रत्येकाला ३ मार्क, वर १० तोंडी. एका तुकडीत ६० मुलं. म्हणजे एका सेमिस्टरला १,८०० मसुदे एका शिक्षकानं तपासायचे. नुसते टिक करायचे नाहीत, चतुःसीमा विसरला तर लाल शाईनं लिहून परत द्यायचे. आणि तो शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे पैसे, घरी बसून तपासायचे शून्य. पूर्णवेळ पदं कित्येक वर्षं भरलेलीच नाहीत. तेव्हा निशाणी_पाच साहेबांच्या प्रश्नाला माझा एक जोडून द्या: ड्राफ्टिंगला पूर्णवेळ शिक्षक आहे की बाहेरून कुणी येतं? बाहेरून प्रॅक्टिस करणारा वकील येत असेल तर तो नियमित येतो का, की त्याची तारीख लागली की तास रद्द?

दुसरी गोष्ट फौजदारी कायद्यांची. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडविधानाखालीच चालणार. म्हणजे ही मुलं पास होऊन बाहेर पडतील तेव्हा कोर्टाच्या बोर्डावर (रोजच्या प्रकरणांच्या यादीत) दोन्ही असतील. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८(४) झालं, इतकं तर चहावालाही सांगेल. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जुन्या प्रक्रिया संहितेतलं ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून मागतात ते. नव्यातलं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार गेले ५२८ ला. परीक्षेत दर वर्षी कुणीतरी अटकपूर्व जामिनाच्या उत्तरात एफआयआर रद्द करून टाकतं. चांगल्या कॉलेजात दोन्ही कायदे शेजारी-शेजारी ठेवून शिकवतात. तुमच्या मुलीला डेमो तासाला बसू दिलं तर तिनं हे बघावं.

आणि वकीलमंडळींनाही एक. इंटर्न पाठवला की त्याला फायली उचलायला लावायचं, चहा सांगायला लावायचा आणि शेवटी डायरीवर न वाचता सही ठोकायची, हे कोण करतं?

निशाणी_पाच

बाई, ती सही आमच्याकडच्याही काही टेबलांवर होते, नाकारत नाही. पण त्याची सोय नियमातच आहे. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला तयार असलेल्या सीनियर वकिलांची जिल्हावार यादी राज्य बार कौन्सिलनं ठेवायची असते. किती कॉलेजं ती यादी मागवतात? मुलाला म्हणतात, तुझा तू वकील शोध. मग तो काकाच शोधणार.

अजून_एटीकेटी

काका माझे नाहीत, पण सर्टिफिकेट माझंही त्यांचंच आहे.

सांजवात

मी नोकरी करत, मुलं मोठी झाल्यावर एलएलबी केलं, म्हणून व्यवहाराच्या गोष्टी.

कृष्णाकाठ, मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात घेतला तर गेलं, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, राउंड लागल्यावर सेतू केंद्रात जी रांग असते ती बघवत नाही.

हजेरी ७० टक्के लागते. लॉ म्हणजे नावापुरतं नाव घालायचं आणि परीक्षेला जायचं, असा आपल्या पिढीचा समज आहे, तो सोडा. आणि माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर: पगारी नोकरीत असताना पदवी घेता येते, सनद (वकिलीचा परवाना) घेऊन प्रॅक्टिस करता येत नाही. मी निवृत्तीची वाट बघतेय. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असणं हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. नियमानं १० वाजेपर्यंत ठेवता येतं, ठेवतात किती ते विचारून घ्या.

चर्चगेट_स्लो

ग्रंथालयावरून आठवलं. कपाटं मोजू नका. नियमात एका कोर्ससाठी ग्रंथालयावर वर्षाला किमान ५० हजार खर्च सांगितलाय, त्यात आजकाल काय येतं ते तुम्हीच बघा. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या निकालांच्या डेटाबेसचं लॉगिन मुलांना घरून वापरता येतं का, की ग्रंथपालाच्या टेबलावरच्या एकाच संगणकावर, हे विचारा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर पोर्टलवर फुकट आहेत, त्यामुळे अडून काही राहत नाही. पण निकाल शोधणं आणि त्यातलं नेमकं तत्त्व काढणं ह्याचा तास कुणी घेतं का? आमच्याकडे येणारी मुलं तीस निकाल जोडतात, त्यातले वीस वाचलेले नसतात.

कोल्हापुरी_मिरची

आमच्या गावाचं नाव घेतलंत म्हणून लॉगिन झालो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्हे. वकिलांनी त्यासाठी किती वर्षं लढा दिला ते सांगलीकरांना सांगायला नको.

ह्याचा शिक्षणाशी संबंध सरळ आहे. तीन वर्षांत किमान १२ आठवडे इंटर्नशिप, सलग चारपेक्षा जास्त नाही, आणि त्यात एकदा तरी खालच्या कोर्टातल्या आणि एकदा अपिलाच्या कोर्टातल्या वकिलाकडे काम झालं पाहिजे. आधी आमच्या पोरांना अपिलाची बाजू बघायला मुंबई गाठावी लागायची, राहायचा खर्च कोण करणार? आता शहाजी लॉ कॉलेजचा पोरगा सकाळी जिल्हा कोर्टात उलटतपास बघून दुपारी हायकोर्टात रिटची सुनावणी ऐकू शकतो. मुंबई, नागपूर, संभाजीनगर सोडून राज्यात हे आत्ता कुठं मिळतंय सांगा. पुण्यातसुद्धा नाही!! मुलीच्या आईचं बरोबर आहे.

मिरामार

गोव्यातून. तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण 'अभ्यासक्रम सगळीकडे सारखा' ह्याला छोटा अपवाद नोंदवतो. कौटुंबिक कायद्याच्या पेपरात तुमच्याकडे हिंदू, मुस्लिम असे कायदे वेगवेगळे. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेला कायदा सगळ्यांना. लग्नाबरोबर मिळकत नवरा-बायकोची सामाईक, वारसांना डावलून सगळं इच्छापत्रानं देता येत नाही, आणि माणूस गेला की वाटपासाठी इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटप करायची कोर्टातली प्रक्रिया. साळगावकर लॉ कॉलेजात हे शिकल्याशिवाय मुलाला पणजीच्या कोर्टात उभं राहता येणार नाही. बार कौन्सिल मात्र महाराष्ट्र आणि गोवा एकच. सिंधुदुर्गातली काही मुलं इथे शिकतात आणि सावंतवाडीला प्रॅक्टिस करतात, त्यांना दोन्ही यावं लागतं. मुलीला कोकणात यायचं नसेल तर सोडून द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन कॉलेजं बघून आलो, मुलगीही सोबत होती. नावं लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी ऑफिसातल्या बाईंनी मूट कोर्टचा हॉल उघडून दाखवला. अजून_एटीकेटी, प्लास्टिक काढलेलं होतं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात झेरॉक्स मशिन ठेवलंय. दावा नंबरचा प्रश्न विचारला, तर प्राचार्य म्हणाले, 'आपण स्वतः वकील आहात का?'

दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, वर्गातले पंखे हलतात. ड्राफ्टिंग शिकवणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक वही मुलीपुढे टाकली. खरेदीखताचा मसुदा होता. कडेला लाल शाईत लिहिलेलं: 'विकणारा एकटा सही करतोय, बहिणींचं काय? मुलींच्या वारसाहक्काची २००५ ची दुरुस्ती वाचून ये.' मुलगी परत येताना बसमध्ये मला विचारत होती की आपल्या रानाच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे का. हे प्रकरण आता घरात पेटणार असं दिसतंय.

फी, हजेरी, ग्रंथालय सगळं विचारलं. राहिला एक प्रश्न. पास झाल्यावर पुढे काय काय असतं? लगेच कमाई सुरू होते का, आणि न्यायाधीशाची परीक्षा?

खडू_डस्टर

लाल शाईवाल्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

पास झाल्यावर सनद. नोंदणीची फी कायद्यानं खुल्या वर्गाला ७५० रुपये, त्याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मग अखिल भारतीय बार परीक्षा. १०० बहुपर्यायी प्रश्न, खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, मूळ कायद्याची पुस्तकं नेता येतात पण त्यावर टिपा लिहिलेल्या चालत नाहीत. पुस्तकात शोधत बसणारे नापास होतात, ती वेळेची परीक्षा आहे.

न्यायाधीशाचं म्हणाल तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला आता किमान तीन वर्षं प्रॅक्टिस हवी. २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्याआधी मुलं पदवी घेतली की थेट पुण्याच्या क्लासला बसायची. आता ती तीन वर्षं कुणाच्या तरी ऑफिसात काढावीच लागणार, म्हणजे कॉलेजात झालेली ओळख आणि इंटर्नशिप ह्यांना वजन आलं.

निशाणी_पाच

कमाईचं खरं सांगतो. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच आहे. तालुक्याला निम्मेही देणारे थोडे. पहिली दोन-तीन वर्षं घरून डबा आणि पेट्रोल लागतं, तेवढी तयारी ठेवा. राहण्याचा खर्च नसणं ह्याला म्हणूनच मी महत्त्व देतो.

कृष्णाकाठ

तेवढी तयारी आहे. प्रवेश व्हायला अजून वेळ आहे, तोवर तिला कोर्टात नुसतं बसून बघायचंय. परवानगी कुणाची काढायची?

निशाणी_पाच

कुणाचीच नाही. कोर्ट खुलं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. कौटुंबिक प्रकरणं आणि पोक्सोचं कोर्ट तेवढं टाळा, तिथे बंद दाराआड चालतं. ई-कोर्ट ॲपवर आदल्या संध्याकाळी बोर्ड दिसतं, त्यात पुराव्याला लागलेली मॅटर बघून त्याच कोर्टात बसायला सांगा. नुसत्या तारखा ऐकून कंटाळेल. अकराच्या आधी जाऊन बसावं, पांढरा किंवा फिका ड्रेस, मोबाईल बंद. पहिला दिवस काही कळणार नाही. दुपारच्या सुट्टीत बाररूमच्या दारात उभी राहिली की कुणीतरी ज्येष्ठ वकील विचारतीलच, कुणाची गं तू? तिथे सांगायचं, लॉला जाणार आहे.